जपानचा मार्ग आखताना: आधी मुक्काम, मग गाड्या, आणि पास सगळ्यात शेवटी

प्रश्न थोडक्यात असा आहे. ठाण्याचं चौघांचं कुटुंब: नवरा-बायको, अकरा वर्षांचा मुलगा आणि गुडघे दुखणाऱ्या सासूबाई. दिवाळीच्या सुट्टीला जोडून नोव्हेंबरमध्ये बारा रात्री जपान. आखलेला मार्ग: टोकियो ३ रात्री, हाकोने १, ताकायामा १, शिराकावा-गो १, कानाझावा १, क्योटो २, हिरोशिमा १, ओसाका १ आणि परतीच्या विमानासाठी पुन्हा टोकियो १. विचारलंय ते इतकंच, की १४ दिवसांचा जेआर पास (जपानच्या जेआर रेल्वेने ठरावीक दिवस कितीही फिरू देणारं एकच तिकीट) घ्यावा की गाडी भाड्याने घ्यावी? सासूबाईंना काय सोपं पडेल?

दोन्हीची गरज नाही. पण हे उत्तर तुमच्या आताच्या मार्गाला लागू पडत नाही, कारण तो मार्गच आधी बदलावा लागेल. जपानचे कार्यक्रम आखून देणं हे माझं रोजचं काम आहे, आणि येणाऱ्या बहुतेक प्रश्नांत पास आधी ठरलेला असतो. मग तो ‘वसूल’ व्हावा म्हणून गावं वाढत जातात. काम उलट्या क्रमाने करायला हवं. किती ठिकाणी राहायचं ते ठरवा, त्या ठिकाणांना एका रेषेत बसवा, त्यांच्यामधल्या गाड्या शोधा, आणि मग तिकिटांची बेरीज करून बघा की कुठला पास त्यात बसतो का.

तुमच्या बारा रात्रींत नऊ मुक्काम आहेत. मुक्काम बदलण्याचा एक दिवस प्रत्यक्षात कसा जातो ते बघा. सकाळी बॅगा भरायच्या, दहा-अकराला खोली सोडायची, स्टेशन गाठायचं, प्रवास करायचा, नव्या हॉटेलवर पोचायचं आणि तिथे खोली तीन वाजता मिळणार. मधल्या वेळात चार माणसं आणि चार बॅगा. गाडीचा प्रवास दोनच तासांचा असला तरी दिवसाचा गाभा निघून जातो. तुमच्याकडे असे आठ दिवस आहेत. सासूबाईंना शिंकान्सेनमध्ये, म्हणजे बुलेट ट्रेनमध्ये, बसण्याचा काहीच त्रास होणार नाही, ती गाडी आरामाची असते. त्रास होईल तो रोज नव्या स्टेशनात लिफ्ट शोधण्याचा.

दुसरी गोष्ट टोकियोला परत येण्याची. ओसाकाहून टोकियोचं शिंकान्सेनचं तिकीट माणशी साडेचौदा हजार येनच्या पुढे जातं. तीन मोठे आणि एक अर्धं तिकीट, म्हणजे पन्नास हजार येन आणि अर्धा दिवस, केवळ जिथून निघालो तिथे परत येण्यासाठी. विमानाचं तिकीट काढताना ‘मल्टि-सिटी’ पर्याय निवडा: जाताना टोकियो, येताना ओसाकाचं कानसाई विमानतळ. बँकॉक, सिंगापूर किंवा हाँगकाँगमार्गे जाणाऱ्या कंपन्यांकडे हे सहज मिळतं, आणि भाडं बहुतेक वेळा साध्या जाण्या-येण्याच्या जवळपासच असतं. थोडं जास्त पडलं तरी ते पन्नास हजार येन डोळ्यांसमोर ठेवून तुलना करा.

मी सुचवते तो मार्ग

टोकियो ४ रात्री, कानाझावा २, ताकायामा २, क्योटो ४. चार मुक्काम, बारा रात्री, आणि एकदाही मागे वळायचं नाही. शिराकावा-गो वाटेत बघून होतं, हिरोशिमा क्योटोहून एका दिवसात होतं, ओसाका क्योटोपासून अर्ध्या तासावर असल्याने संध्याकाळी जाऊन परत येता येतं. हाकोने मात्र मी काढून टाकलंय, आणि त्याचं कारण नीट सांगायला हवं, कारण जपानच्या प्रत्येक कार्यक्रमात ते असतंच.

हाकोनेची मजा तिथल्या फेरीत आहे: डोंगर चढणारी छोटी आगगाडी, मग केबल कार, मग रोपवे, मग आशी तलावातली बोट, मग बस. तरुणांना हे फार आवडतं. पण प्रत्येक ठिकाणी उतरायचं, रांगेत उभं राहायचं, पुन्हा चढायचं. शिवाय वारा सुटला किंवा ज्वालामुखीचा वायू वाढला की ओवाकुदानीचा रोपवे बंद ठेवतात आणि तेवढा टप्पा बसने करावा लागतो. गुडघे दुखत असताना हा द्राविडी प्राणायाम कशाला? फुजीच बघायचा असेल तर टोकियोतल्या शिंजुकूहून फुजीच्या पायथ्याच्या कावागुचिकोला थेट जाणारी ‘फुजी एक्स्कर्शन’ गाडी आहे. साधारण दोन तास, मध्ये कुठेही गाडी बदलायची नाही, आणि उतरलं की समोर पर्वत. नोव्हेंबरमध्ये हवा कोरडी असते, त्यामुळे फुजी दिसण्याची शक्यता उन्हाळ्यापेक्षा बरीच जास्त. या गाडीत सगळ्या जागा आरक्षित असतात आणि शनिवार-रविवारच्या लवकर संपतात. टोकियोच्या चार रात्रींमधला शनिवार-रविवार सोडून एक दिवस यासाठी मोकळा ठेवा, आणि दोन दिवस पुढेमागे करता येतील असं बघा, म्हणजे हवामानाचा अंदाज पाहून जाता येईल.

टोकियोत हॉटेल उएनोला घ्या. पर्यटकांना शिंजुकू आणि शिबुया ही नावं माहीत असतात, पण शिंजुकू हे जगातलं सर्वांत गर्दीचं स्टेशन आहे, रोज तीस लाखांहून जास्त लोक तिथून जातात, आणि बाहेर पडायच्या वाटा दोनशेहून अधिक. सासूबाईंना घेऊन तिथे रोज ये-जा नको. उएनोचे दोन मोठे फायदे आहेत. नारिता विमानतळावरून केईसेई स्कायलायनर पाऊण तासात थेट उएनोला आणते. आणि कानाझावाला जाणारी होकुरिकू शिंकान्सेन टोकियोहून निघाली की उएनोला थांबते, म्हणजे टोकियो स्टेशनच्या पसाऱ्यात शिरावंच लागत नाही. उएनोचे शिंकान्सेनचे फलाट जमिनीखाली खूप खोल आहेत, तेव्हा गाडीच्या वीस-पंचवीस मिनिटं आधी स्टेशनात शिरा आणि लिफ्टनेच खाली जा.

उएनो ते कानाझावा सगळ्यात वेगवान ‘कागायाकी’ने अडीच तासांच्या आत. कागायाकीत फक्त आरक्षित जागा असतात. कानाझावात केनरोकुएन बाग, सामुराईंची जुनी वस्ती आणि ओमिचो बाजार. दोन रात्री पुरतात.

आता या मार्गातला माझा आवडता टप्पा. कानाझावाहून ताकायामाला रेल्वेने जाता येतं, पण बस सरस आहे. कानाझावा स्टेशनबाहेरून निघालेली बस सव्वा ते दीड तासात शिराकावा-गोला सोडते. तिथली उतरत्या छपरांची गवती घरं १९९५ पासून जागतिक वारसा यादीत आहेत. तीन तास थांबा, जेवा, वरच्या टेकडीवर जायला छोटी बस आहे तिने जाऊन गाव वरून बघा, आणि पुढच्या बसने पन्नास मिनिटांत ताकायामा. शिराकावा-गोत मुक्काम करू नका असं मी सरसकट सांगणार नाही, ती जुनी घरं रात्री सुंदर वाटतात. पण तिथे झोपायचं जमिनीवरच्या गादीवर आणि जेवायचं मांडी घालून. सासूबाईंसाठी ते नको. ताकायामातही र्योकान, म्हणजे पारंपरिक जपानी पद्धतीचं हॉटेल, घेताना ‘पलंग असलेली खोली’ असं स्पष्ट लिहून विचारा. बहुतेक ठिकाणी एक-दोन अशा खोल्या असतात, पण न विचारता मिळत नाहीत.

या बसच्या काही फेऱ्यांना आरक्षण लागतं, काहींना नाही. नोव्हेंबर हा पानं रंगण्याचा हंगाम, तेव्हा आरक्षणाच्याच फेऱ्या घ्या, दोन्ही टप्प्यांच्या.

बॅगांचं काय

इथेच बहुतेकांचं घोडं पेंड खातं. बसला मोठ्या बॅगा चालतात, पण शिराकावा-गोत त्या ठेवणार कुठे? लॉकर मोजके आहेत आणि मोठ्या बॅगांचे सकाळीच भरतात. उत्तर आहे ताक्युबिन, म्हणजे घरपोच सामान पोचवणारी सेवा. काळ्या मांजराचं चिन्ह असलेली यामातो ही त्यातली सगळ्यात परिचित कंपनी.

कानाझावाच्या हॉटेलात शेवटच्या दिवशी सकाळी मोठ्या बॅगा काउंटरवर द्या आणि सांगा, ‘ताक्युबिन, क्योटो.’ ते एक फॉर्म देतात. त्यावर क्योटोच्या हॉटेलचं नाव, पत्ता, फोन, आरक्षण ज्या नावावर आहे ते नाव आणि तुम्ही तिथे पोचणार ती तारीख लिहायची. तारखेचा रकाना विसरू नका. न लिहिल्यास बॅग दुसऱ्याच दिवशी पोचते, आणि काही हॉटेलं पाहुणा यायच्या आधीच सामान घ्यायला का-कू करतात. म्हणून क्योटोच्या हॉटेलला आधी एक ईमेल टाकून ठेवा. खर्च आकार आणि अंतराप्रमाणे, एका मोठ्या बॅगेला साधारण दोन ते तीन हजार येन. पुढचे दोन दिवस पाठीवरच्या पिशवीत दोन कपडे, औषधं, पासपोर्ट आणि चार्जर, बस्स. पासपोर्ट, पैसे आणि सासूबाईंच्या गोळ्या चुकूनही त्या मोठ्या बॅगेत जाऊ देऊ नका.

हे एकदा केलंत की मधले डोंगरातले दिवस हलके होतात, आणि नागोयाला गाडी बदलताना चौघांचेही हात मोकळे असतात. चार बॅगांचे दहा हजार येन हा या सगळ्या सहलीतला सगळ्यात सत्कारणी लागणारा खर्च आहे असं मी माझ्याकडच्या प्रत्येक कुटुंबाला सांगते.

जोडीला एक नियम. टोकियो-क्योटो-हिरोशिमा-फुकुओका या शिंकान्सेन मार्गांवर लांबी, रुंदी, उंची मिळून १६० सेंटिमीटरपेक्षा मोठी बॅग असेल तर मागच्या बाजूला सामानाची जागा असलेली सीट आधी आरक्षित करावी लागते. त्याला वेगळे पैसे नाहीत, पण आरक्षण न करता बॅग आणली तर १,००० येन घेतात. आपल्याकडच्या सगळ्यात मोठ्या चाकांच्या बॅगा १६० च्या अगदी काठावर असतात. घरीच टेपने मोजा, चाकं आणि दांड्याची मूठ धरून. शक्य असेल तर एक आकार लहानच घ्या. बॅग वरच्या रॅकवर स्वतः उचलून ठेवावी लागते, हमाल मिळत नाही.

ताकायामा ते क्योटो

ताकायामाहून ‘हिदा’ एक्स्प्रेस नदीच्या काठाकाठाने, दरीतून, अडीच तासांच्या आत नागोयाला येते. मोठ्या काचा, दोन्ही बाजूंना रंगलेली झाडं, खाली हिरवं पाणी. गिफू स्टेशनला गाडीची दिशा उलटते आणि नागोयापर्यंतची शेवटची वीसेक मिनिटं आपण पाठमोरे जातो. ज्याला पाठमोरं बसून मळमळतं त्याला आधी सांगून ठेवा. नागोयाला शिंकान्सेन घ्यायची आणि नोझोमीने, म्हणजे या मार्गावरच्या सगळ्यात वेगवान गाडीने, पस्तीस-चाळीस मिनिटांत क्योटो. या बदलासाठी अर्धा तास हातात ठेवा. जपानी ॲप सात-आठ मिनिटांची जोडगाडीही दाखवतात आणि गाड्या वेळेवर असल्याने तरुण माणसाला ती मिळतेही. लिफ्टने जाणाऱ्याला मिळणार नाही.

तिकिटं कागदी असतील तर एक बारकावा: शिंकान्सेनला मूळ भाड्याचं एक आणि जलद गाडीचं एक अशी दोन तिकिटं असू शकतात. गेटमध्ये दोन्ही एकावर एक ठेवून एकदमच घालायची. पलीकडे ती बाहेर येतात, ती विसरून पुढे जायचं नाही. उतरल्यावर पुन्हा लागतात.

क्योटोत हॉटेल स्टेशनजवळ किंवा कारासुमा या भुयारी रेल्वेच्या मार्गावर घ्या. क्योटोच्या सिटी बस नोव्हेंबरात खचाखच भरतात, दोन-तीन बस सोडाव्या लागतात. फुशिमी इनारी जेआरच्या नारा मार्गावर क्योटोपासून दुसरंच स्टेशन आहे, आराशियामाला जेआरची थेट गाडी जाते. जिथे रेल्वे जवळ जात नाही, उदाहरणार्थ कियोमिझु मंदिर, तिथे चौघांनी मिळून टॅक्सी करा. चार बसभाड्यांच्या वर थोडेच पैसे जातात आणि चढ बराचसा वाचतो. टॅक्सीचा मागचा डावा दरवाजा चालक आतून उघडतो आणि मिटतो, आपण ओढायचा नाही.

हिरोशिमाचा दिवस लांब आहे. क्योटोहून नोझोमीने पावणेदोन तास, मग शांती स्मारक आणि संग्रहालय, मग जेआर लोकलने मियाजिमागुची आणि तिथून बोटीने दहा मिनिटांत मियाजिमा बेट. पाण्यातलं लाल तोरीई (देवळाची कमान) भरतीला पाण्यात उभं दिसतं, ओहोटीला चालत त्याच्यापर्यंत जाता येतं. कुठलं रूप बघायचंय ते ठरवून भरतीचं वेळापत्रक आदल्या दिवशी बघा आणि त्याप्रमाणे संग्रहालय आधी की बेट आधी ते ठरवा. सासूबाईंना हा दिवस झेपणार नाही असं वाटलं तर त्यांच्याबरोबर एकाने क्योटोत राहावं. एकाच हॉटेलात चार रात्री असल्याचा हा फायदा, की कुणालाही दिवस वगळता येतो.

आता पासचं गणित

पूर्वी जेआर पास डोळे झाकून घ्यावा असाच होता. सात दिवसांचा २९,६५० येनला मिळायचा आणि टोकियो-क्योटो जाऊन-येऊन जवळजवळ वसूल व्हायचा. ऑक्टोबर २०२३ मध्ये तो ५०,००० झाला, १४ दिवसांचा ८०,०००. इंटरनेटवरचे जुने सल्ले त्या आधीच्या दरांवरचे आहेत, म्हणून वाचताना तारीख बघत जा. मी खाली धरलेले आकडेही अंदाजे आहेत. तिकीट काढायच्या दिवशी ताजे दर घालून हीच बेरीज पुन्हा करा.

एका मोठ्या माणसाचं: उएनो ते कानाझावा १४ हजार, ताकायामा ते नागोया ६ हजार, नागोया ते क्योटो ६ हजार, क्योटो-हिरोशिमा जाऊन-येऊन २३-२४ हजार, क्योटो ते कानसाई विमानतळ साडेतीन हजार. झाले ५३ हजारांच्या आसपास. १४ दिवसांच्या पासच्या ८० हजारांशी याची तुलनाच होत नाही. सात दिवसांचा पास पाचव्या दिवसापासून चालू केला तर बरोबरीत येतो, पण त्यात नोझोमीला वर पैसे पडतात आणि शेवटचा विमानतळाचा प्रवास बाहेर राहतो. फायदा काही नाही.

छोटे प्रादेशिक पास मात्र कामाचे आहेत. कानसाई-हिरोशिमा एरिया पास पाच दिवसांचा, ऑक्टोबर २०२३ पासून १७,००० येन. त्यात शिन-ओसाका ते हिरोशिमा शिंकान्सेन, नोझोमीसकट, मियाजिमाची जेआर बोट, नारा आणि हिमेजीकडच्या जेआर गाड्या, आणि विमानतळावर जाणारी ‘हारुका’ एक्स्प्रेस हे सगळं येतं. एकच गोष्ट येत नाही, क्योटो ते शिन-ओसाका हा शिंकान्सेनचा टप्पा, कारण तो दुसऱ्या जेआर कंपनीच्या मार्गावर आहे. तेवढं अंतर साध्या जलद लोकलने अर्ध्या तासात जायचं आणि शिन-ओसाकाला शिंकान्सेन धरायची. तुमच्या क्योटोच्या चार रात्री आणि निघायचा दिवस या पाच दिवसांत तंतोतंत बसतात. हिरोशिमा आणि विमानतळ या दोनच प्रवासांचे २७ हजार होतात, ते १७ मध्ये आले.

म्हणजे माणशी साधारण ४३ हजार येन, ८० च्या ऐवजी. मुलाला अर्धं तिकीट, तर साडेतीन माणसांमागे सव्वा लाख येनच्या वर वाचतात. मुलाचं वय अकरा लिहिलंय, पण प्रवासापूर्वी त्याला बारा पूर्ण होत असतील तर पूर्ण तिकीट धरून बेरीज करा. बस, स्कायलायनर आणि कावागुचिकोची गाडी हे खर्च कुठल्याही पर्यायात वेगळेच पडतात, म्हणून मी ते यात घेतले नाहीत.

शहरातल्या रोजच्या प्रवासाला सुइका किंवा इकोका कार्ड (आधी पैसे भरून ठेवायचं प्रवासाचं कार्ड) प्रत्येकाचं वेगळं घ्या, मुलाला लहान मुलाचं, ते पासपोर्ट दाखवून काउंटरवर मिळतं. कार्ड टोकियो, क्योटो, ओसाकात सगळीकडे चालतं. एका भागात कार्ड दाखवून आत शिरून दुसऱ्या भागात बाहेर पडता येत नाही, आणि ताकायामाकडच्या डोंगरी मार्गावर ते चालेल असं धरूच नका. लांबच्या प्रवासाला वेगळं तिकीट, शहरात कार्ड, इतकं लक्षात ठेवलं तरी पुरे.

गाडी भाड्याने का नको

गाडी चालवायला कायद्याची अडचण नाही. आपल्या आरटीओकडून मिळणारा आंतरराष्ट्रीय परवाना १९४९ च्या जिनिव्हा करारानुसार असतो आणि जपान तो मानतो. तिथेही गाड्या रस्त्याच्या डाव्या बाजूने चालतात, स्टिअरिंग उजवीकडे असतं. अडचण या मार्गाची आहे. टोकियो आणि क्योटोत गाडी उभी करायची जागा शोधण्यात आणि तिचे पैसे भरण्यात दिवस जातो. द्रुतगती मार्गांचा टोल भरमसाट आहे, टोकियो ते क्योटो एका दिशेलाच दहा हजार येनच्या आसपास. एका शहरात घेऊन दुसऱ्या शहरात सोडली तर त्याचे वेगळे पैसे. नोव्हेंबरच्या अखेरीस डोंगरात बर्फ पडू शकतो आणि मग बर्फाचे टायर लागतात, ज्याची आपल्याला सवय नाही. आणि जो चालवणार तो सहल बघणारच नाही.

होक्काइदो, ओकिनावा किंवा क्युशूचा आसो परिसर, तिथे गाडीच घ्या असं मी सांगेन. तिथे गावं विरळ, रेल्वेगाड्या कमी. कधी त्या बाजूला गेलात तर एक नियम आत्ताच लक्षात ठेवा: रेल्वे फाटक उघडं असलं, गाडी येत नसली, तरी फाटकापूर्वी पूर्ण थांबावंच लागतं.

आरक्षणं कधी आणि कशी

जपानमध्ये ३ नोव्हेंबर आणि २३ नोव्हेंबर या सरकारी सुट्ट्या आहेत. शनिवार-रविवारला जोडून आल्या की सगळा देश बाहेर पडतो. तुमच्या तारखांत यातली एखादी येत असेल तर ती ताकायामा किंवा क्योटोच्या मुक्कामावर पडू देऊ नका, टोकियोत पडू दे. क्योटोची पानं साधारण नोव्हेंबरच्या मध्यापासून अखेरीपर्यंत भरात असतात आणि हॉटेलांचे दर तेव्हा दुपटीवर जातात. दिवाळी महिन्याच्या सुरुवातीला असेल तर क्योटो बरंचसं हिरवं मिळेल, ताकायामा मात्र त्याच सुमारास रंगलेलं. मला विचाराल तर सुरुवातीचा पंधरवडा घ्या.

जेआर गाड्यांचं नेहमीचं आरक्षण प्रवासाच्या बरोबर एक महिना आधी, जपानमध्ये सकाळी दहाला उघडतं. आपल्याकडे तेव्हा साडेसहा वाजलेले असतात. चहा घेता घेता काढता येतं. होकुरिकू शिंकान्सेन आणि फुजी एक्स्कर्शन जेआर ईस्टच्या ‘एकिनेट’ या वेबसाइटवर मिळते. नागोया-क्योटोचा छोटा टप्पा त्या दिवशी स्टेशनवर घेतला तरी चालतो, नोझोमी दर काही मिनिटांनी असते. घाई फक्त तीन गोष्टींची आहे: फुजी एक्स्कर्शन, शिराकावा-गोच्या दोन्ही बस आणि हिदा. पुढे कधी मे महिन्यात जायचा विचार केलात तर २९ एप्रिल ते ५ मे हा ‘गोल्डन वीक’ टाळा. त्या दिवसांत नोझोमीत अनारक्षित डबेच नसतात.

व्हिसासाठी दिवसवार कार्यक्रम आणि हॉटेलांची यादी द्यावी लागते, म्हणून हॉटेलं आधी रद्द करता येतील अशी घ्या आणि मार्ग पक्का झाल्यावरच अर्ज करा.

खाण्याबद्दल तुम्ही विचारलं नाही, पण प्रवासाच्या दिवसांचा त्याच्याशी संबंध आहे. सासूबाई शाकाहारी असतील तर स्टेशनवरच्या डब्यांवर विसंबू नका, बहुतेक रश्शांत आणि भाज्यांत माशाचा अर्क असतो. शिंकान्सेन आणि हिदासारख्या लांबच्या गाड्यांत डबा उघडून जेवायची पद्धतच आहे, शहरातल्या लोकलमध्ये नाही. तेव्हा चिवडा, मेतकूट, दशम्या बॅगेत असू द्या. फळं आणि मांसाचे पदार्थ मात्र नेऊ नका, विमानतळावर काढून घेतात.

राहिला शेवटचा दिवस. क्योटोहून कानसाई विमानतळाला हारुकाने सव्वा तास ते ऐंशी मिनिटं लागतात. विमान दुपारी बारानंतर असेल तर चौथी रात्र क्योटोतच ठेवा. सकाळी नऊ-दहाचं असेल तर पहाटेची धावपळ सासूबाईंना नको, त्या वेळी शेवटची रात्र विमानतळाजवळ किंवा ओसाकात घ्या आणि क्योटोची तीनच करा. विमानाच्या वेळा हातात आल्या की कळवा, तो एक मुक्काम त्याप्रमाणे हलवून देते.